तुम्ही सांगाल तसं



डॉक्टर लेखकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद घ्या म्हणून फोन आला, तेव्हा मी संयोजकांना म्हणालो, अहो, भूलतज्ज्ञाला कशाला बोलावता? आमचं सगळं काम पेशंट झोपल्यावर. त्याला आमचं तोंडही आठवत नसतं. मग त्यांनी विषय सांगितला आणि निवड का झाली ते कळलं. बत्तीस वर्षं अतिदक्षता विभागात गेली. व्हेंटिलेटर लावणारा हात माझा असायचा, आणि कधीकधी काढणाराही.

विषय 'इच्छामरण'. हा शब्द आपल्याला भीष्मांकडून मिळाला. त्यांच्याकडे वर होता, शुद्ध होती, उत्तरायणाची वाट पाहण्याइतकी सवड होती. माझ्याकडे यायचे त्यांच्या घशात नळी असायची. इच्छा विचारायची कोणाला? 'दयामरण' म्हणावं, तर दया कोणाची, आणि ती येते कधी? बहुतेक वेळा डिपॉझिट संपल्यावर. आम्ही डॉक्टर आपापसात यातला कुठलाच शब्द वापरत नाही. आमचा शब्द आहे 'डामा'. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेणं.

बाहेरच्या बाकावर मुलगा बसलेला असतो. वडील चार दिवस व्हेंटिलेटरवर, मेंदूत मोठा रक्तस्राव. मी म्हणतो, "सिरियस आहे." पहिल्या दिवशीही हेच म्हणालेलो असतो. या एका शब्दावर मी निम्मी प्रॅक्टिस केली, हे आज कबूल करतो. तो विचारतो, "मग काय करायचं, डॉक्टर?" मी म्हणतो, "निर्णय तुमचा." तो म्हणतो, "तुम्ही सांगाल तसं." दोघंही चेंडू एकमेकांच्या अंगणात टाकत राहतो. शेवटी कुणीतरी चुलता पुढे येतो, फॉर्मवर सही होते. वॉर्डबॉय पाच मिनिटांत मेहुण्याला फुगा दाबायला शिकवतो. ॲम्ब्युलन्स निघताना बजावलं जातं, वेस ओलांडेपर्यंत दाबत राहा, म्हणजे घरी गेले म्हणता येईल.

फॉर्मवर लिहिलेलं असतं, डॉक्टरांचा सल्ला नेऊ नका असा असूनही आम्ही आमच्या जबाबदारीवर नेत आहोत. हा सल्ला मी दिलेलाच नसतो! डोळ्यांनी, खांद्यांनी, 'बघा बुवा'च्या सुरात मी 'न्या' असंच सांगितलेलं असतं. आपल्याकडे इच्छामरण असावं की नसावं यावर परिसंवाद झडतात, आणि तिकडे रोज रात्री माणसं एका खोट्या कागदावर घरी जातात. खोटा कागद सही करणाऱ्या मुलाला आयुष्यभर पुरतो. पुढे वर्षश्राद्धाला कुणी ना कुणी म्हणतंच, अजून दोन दिवस ठेवायला हवं होतं.

खरा कागद आता आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 'कॉमन कॉज' खटल्यात सन्मानाने मरण्याचा अधिकार जगण्याच्या अधिकारातच मोडतो असं सांगितलं, आणि शेवटी कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवण्याला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली. पण त्यासाठी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जायचं, शिवाय पुढे मंडळांची अशी उतरंड, की सगळे जमेपर्यंत रुग्ण आपल्या वेळेला निघून जाई. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयानेच ती सैल केली. नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालेल. तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं, शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत. गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं. न्यायमूर्तीला आपल्या मरणाबद्दल चारचौघांत बोलताना पाहून मला बरं वाटलं.

पण या कायद्याची वाट आपल्या परळमधून गेली आहे, आणि तिथे मी नेहमी अडखळतो.

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच सफाई कामगाराने अरुणा शानबाग या परिचारिकेवर हल्ला केला, गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळली. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्यानंतर जवळजवळ बेचाळीस वर्षं ती त्याच रुग्णालयात होती. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने दयामरणासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ७ मार्च २०११ च्या निकालात ती फेटाळली गेली, पण त्याच निकालाने निष्क्रिय दयामरणाचं दार उच्च न्यायालयाच्या परवानगीची कडी लावून किलकिलं केलं.

कायद्याच्या वर्गात एवढंच शिकवतात. मला त्यातला दुसरा प्रश्न मोठा वाटतो. तिचं जवळचं माणूस कोण, हे न्यायालयाला ठरवायचं होतं. उत्तर आलं, केईएमच्या परिचारिका. ज्यांनी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं अशा, तिच्यानंतर नोकरीला लागलेल्या मुलीसुद्धा. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर बेडसोअर होऊ दिला नाही त्यांनी. ज्याने आठवडाभर अंथरुणाला खिळलेला रुग्ण सांभाळलाय त्याला विचारा, ही केवढी गोष्ट आहे. तिला मासे आवडतात, असं त्या सांगायच्या. निकालानंतर त्यांनी मिठाई वाटली.

आणि पाहा, काढायला तिथे यंत्रच नव्हतं. ती स्वतः श्वास घेत होती, भरवलं की गिळत होती. तिच्या बाबतीत 'उपचार थांबवा' याचा अर्थ 'भरवणं थांबवा' एवढाच उरत होता. पिंकीताईंची तळमळ मला समजते. तशा अवस्थेत मला स्वतःला एक दिवसही नको. पण त्या परिचारिकेच्या हातातला चमचा खाली ठेवायला सांगण्याची माझी छाती नाही. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने ती गेली.

एका तरुण सहकाऱ्याने मला विचारलं, "सर, नळी काढणं चालतं तर सुई का नको? मरण तेच की!" तर्काने त्याला हरवणं अवघड आहे. नळी काढल्यावर आजार माणसाला नेतो, सुईने मी नेतो, हा फरक मी सांगतो. रात्री तीन वाजता तो पातळ वाटतो. नेदरलँड्स आणि बेल्जियमने २००२ मध्ये सुईला वाट दिली. तिथली माणसं काही निर्दय नाहीत. तरी आज, इथे, मी सुईच्या विरोधात आहे, आणि त्याचं कारण तत्त्वज्ञानात नाही, तालुक्यात आहे.

एक आजी होत्या. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, हाडांत पसरलेला. हात जोडून म्हणाल्या, "सोडव रे बाबा." मॉर्फिन मिळवायला मला जिल्ह्याच्या गावी माणूस पाठवावा लागला, १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने ते इतक्या परवान्यांत अडकवलं होतं की दुकानदार ठेवतच नसत. २०१४ च्या दुरुस्तीने गाठी सुटल्या, पण तालुक्याच्या ठिकाणी मॉर्फिन मागून पाहा. तिसऱ्या दिवशी आजींनी चहा मागितला, साखर कमी म्हणून सुनेला बोलल्याही. त्यांना सुटका हवी होती ती दुखण्यातून. पुढे पाच आठवड्यांनी त्या गेल्या, नातवाच्या मांडीवर. सुईची सोय असती तर मी ती तिसऱ्या दिवसाआधीच दिली असती, आणि स्वतःला दयाळू समजलो असतो. वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून. तेवढ्यावर किती तालुके भागणार? आणि 'मी ओझं झालेय' हे वाक्य आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या बायका काही आजार नसतानाही म्हणतात. त्याला इच्छा समजून फॉर्म पुढे करणारा कायदा मला नको.

विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न, पाणी, औषध सोडलं, त्याला आपण प्रायोपवेशन म्हटलं आणि हात जोडले. त्याच काळात मुंबईतला एक पोलीस शिपाई, मनाने आजारी असलेला मारुती दुबळ, अंगावर रॉकेल ओतून घेत असताना पकडला गेला, आणि त्याच्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाचा, कलम ३०९ चा खटला लागला. १९८६ मध्ये उच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवलं, पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानलं. मरणाला कोणता शब्द मिळणार हे आपल्याकडे मरणाऱ्याच्या पायरीवर ठरतं. या सभागृहात शब्दांची माणसं बसली आहेत म्हणून हे बोलतोय.

गेल्या महिन्यात मी माझं लिव्हिंग विल करायला गेलो. नोटरी म्हणाले, "मिळकतीचा तपशील?" म्हटलं, मिळकत नाही, मीच. ते हसले, मग गंभीर झाले, मग शिक्का शोधू लागले. प्रत जमा करायला एका सरकारी कचेरीत गेलो, तिथल्या बाईंनी कागद उलटसुलट पाहून जन्म-मृत्यूच्या खिडकीकडे पाठवलं. खिडकीतल्या मुलाने विचारलं, "मृत्यू कधी झालाय?"

प्रत घरी आणली. बायकोने दोन्ही पानं वाचली. व्हेंटिलेटर नको, डायलिसिस नको, छाती दाबणं नको, सगळं नीट क्रमाने लिहिलेलं. चष्मा काढून म्हणाली, "अहो, यात जेवणाचं काहीच नाही. तोंडाने घेत असाल तर भरवायचं की नाही तुम्हाला?"

बत्तीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस मी, मला उत्तर आलं नाही. म्हटलं, "तू म्हणशील तसं." ती काही न बोलता आत गेली. कागद अजून टेबलावर आहे. सोमवारी पुन्हा नोटरीकडे जायचंय. त्याआधी ते एक वाक्य लिहून व्हायला हवं.