शस्त्रक्रियागृहातील न दिसणारी हवा



रुग्णालयास शस्त्रक्रियागृह बांधून देण्याची परंपरा समाजात जुनी आहे. दाता टेबल देतो, दिवा देतो, वातानुकूलन यंत्र देतो. त्यावर नाव कोरता येते. भिंतीतून बाहेर जाणाऱ्या वायुनळीवर नाव कोरण्याची विनंती मात्र कोणी करीत नाही. आजचे विवेचन मुख्यत्वे त्या उपेक्षित नळीविषयी आहे.

भूल देण्यासाठी नायट्रस ऑक्साईड, सेव्होफ्लुरेन यांसारखी द्रव्ये योजली जातात. त्यांचा काही अंश मुखवट्याच्या फटींतून आणि रुग्णाच्या उच्छ्वासातून खोलीत पसरतो. रुग्ण तास-दोन तासांत तेथून बाहेर पडतो. भूलतज्ज्ञ आणि परिचारिका मात्र त्याच हवेत वर्षानुवर्षे वावरतात. 1967 साली सोव्हिएत संघातील वैसमन या संशोधकाने भूलतज्ज्ञ स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा 31 गर्भधारणांपैकी 18 गर्भपातात संपल्याचे आढळले. त्या पाहणीतील उणिवा पुढे दाखविल्या गेल्या. तथापि त्या चर्चेतूनच उरलेला वायू यंत्रापासून थेट इमारतीबाहेर नेणारी व्यवस्था रूढ झाली. ती नळी प्रसूतिकक्षाच्या खिडकीखाली उघडू नये, हे सांगण्याचीही कधी कधी वेळ येते!

घरगुती स्प्लिट एसी खोली गार करतो, पण तीच हवा फिरवीत राहतो. नंदुरबारच्या उन्हाळ्यात हा गारवा सुखद वाटतो आणि हवा शुद्ध असल्याचा भास होतो. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मार्गदर्शनानुसार शस्त्रक्रियागृहातील हवा ताशी किमान 20 वेळा बदलावी व त्यांपैकी किमान 4 वेळा बाहेरची ताजी हवा यावी. बाहेर सोडलेला वायूही निरुपद्रवी नसतो. नायट्रस ऑक्साईड वातावरणात शतकाहून अधिक काळ टिकतो. डेस्फ्लुरेन हे भूलद्रव्य तर कर्बवायूच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता धरून ठेवते. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2026 पासून त्याचा वापर अपवादात्मक वैद्यकीय गरजेपुरता मर्यादित केला आहे.

दुसरे संकट अग्नीचे. ईथरच्या काळात शस्त्रक्रियागृहात रेशीम, लोकर आणि नायलॉन वर्ज्य मानत, कारण त्यांच्या घर्षणातून उडालेली ठिणगीही स्फोटास पुरेशी होती. सुती वस्त्राला तेथे मान होता तो केवळ स्वच्छतेसाठी नव्हे. आजची भूलद्रव्ये सहसा पेट घेत नाहीत, त्यामुळे सावधपणा मात्र सैलावला. त्वचेवरील स्पिरिट वाळण्यापूर्वीच विद्युत-शस्त्र चालविले, चादरीखाली प्राणवायू साचलेला असला, तर साधे सुती कापडही भडकते. हवेत प्राणवायू 21 टक्के असतो. तो वाढला की ज्वलनाचा वेग वाढतो.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या दक्षता कक्षास आग लागली आणि 10 अर्भके दगावली. तो कक्ष शस्त्रक्रियागृह नव्हता. परंतु अखंड चालणारी विद्युत उपकरणे, प्राणवायू आणि स्वतः उठून पळू न शकणारा रुग्ण, हे तिन्ही दोन्हीकडे सारखेच असतात.

नंदुरबार जिल्ह्याला या गोष्टीचे विशेष अगत्य असावे. सप्टेंबर 2020 मध्ये, तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांच्या कारकिर्दीत, येथे हवेतून प्राणवायू निर्माण करणारा पहिला प्रकल्प सुरू झाला व पुढे आणखी प्रकल्प उभे राहिले. दुसऱ्या लाटेत महानगरे सिलिंडरसाठी धावत असताना हा दुर्गम, आदिवासीबहुल जिल्हा तग धरून राहिला. स्वतः वैद्यकीय पदवीधर असलेल्या या अधिकाऱ्याच्या काळात ‘ऑक्सिजन नर्स’ ही योजनाही येथे राबविली गेली. कोणत्या रुग्णास किती प्राणवायू हवा हे पाहून तो कमी-अधिक करणे, हे त्या परिचारिकांचे काम. हेतू बचतीचा होता; पण विनाकारण उघडी राहिलेली तोटी बंद होणे हे आगीपासूनही संरक्षणच.

यापुढे देणगीपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी दात्याने रुग्णालयास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. भुलीचा वायू बाहेर नेणारी नळी आहे काय, आणि ती कोठे उघडते? विद्युत जोडणीची तपासणी शेवटची कधी झाली? आणि रात्रपाळीत आग लागली, तर प्राणवायूची मुख्य झडप कोणती, हे तेथील किती जणांना ठाऊक आहे?