विसावा हिस्सा आणि शेजारचे चर्च

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या दिवशी दोन शब्द बोलावेत असे कमिटीने आम्हाला सांगितले आणि विषय आमच्यावरच सोपवला. विहार कसा उभा राहिला, कुणी विटा दिल्या, कुणी श्रमदान केले, हे सारे या स्मरणिकेत आलेच आहे. ते आम्ही पुन्हा सांगत नाही. आम्ही आज आपल्या शेजाऱ्याबद्दल बोलणार आहोत. वसई-नालासोपाऱ्यात राहणाऱ्या माणसाला शेजारी कोण हे सांगावे लागत नाही. रविवारी सकाळी ज्याची घंटा आपल्या वस्तीपर्यंत ऐकू येते ते चर्च.

२०२० सालच्या लॉकडाऊनची गोष्ट आहे. घरकाम बंद, नाकाकाम बंद. आपल्या कमिटीने वर्गणी काढली, शिधा आणला, पिशव्या भरल्या. आता द्यायचे कुणाला? याद्या करण्यातच चार-पाच दिवस गेले. एका आजींच्या दारात आम्ही पिशवी घेऊन पोचलो. दर पौर्णिमेला विहार झाडायला येणारी ही बाई. बघतो तर चुलीपाशी तांदूळ, डाळ, तेल आधीच ठेवलेले. म्हटलं, हे कुणी दिलं? तर म्हणाल्या, चर्चची दोन माणसं येऊन गेली, दुसऱ्यांदा.

परत येताना आमच्यातलाच एक जण बोलला, "हे लोक फुकट काही देत नाहीत. उद्या धर्म बदल म्हणतील." खोटं कशाला बोला, आमच्याही मनात तेच आले होते. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही आजींना मुद्दाम विचारले. त्या म्हणाल्या, "धर्म न्हाई इचारला कुनी. ग्यास हाय का, बीपीच्या गोळ्या संपल्यात का, येवढंच इचारलं." आणि मग हळूच म्हणाल्या, "तुमाला ठावं नसंल, मी एकटीच ऱ्हाते ते."

बंधू-भगिनींनो, हे वाक्य आमच्या काळजात अजून रुतून बसले आहे. जी बाई आपला विहार झाडते, ती एकटी राहते हे आपल्याला माहीत नव्हते. चर्चला माहीत होते.

कसे माहीत होते? टाळेबंदी उठल्यावर आम्ही जाऊन चौकशी केली. त्यात चमत्कार काही नाही, व्यवस्था आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने चार-सहा जणांना घेऊन सेंट व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाने एक सोसायटी काढली. आज ती जगभर आहे, आपल्याकडच्या पॅरिशमध्येही आहे. तिचे नियम साधे. गरजूच्या घरी स्वतः जायचे, शक्यतो दोघांनी जायचे, आणि नुसते देऊन यायचे नाही, बसून बोलायचे. प्रत्येक बैठकीत एक पिशवी फिरते. ज्याने त्याने आत हात घालायचा. कुणी किती टाकले, कुणी काहीच टाकले नाही, हे कुणाला कळत नाही. मोठ्या देणगीदाराचा फोटो नाही आणि गरिबाच्या देण्याची लाज नाही.

दुसरे उदाहरण मिझोरामचे. तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या बायकांनी १९१० पासून एक रीत धरली. स्वयंपाकाला बसताना शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढायची. तो तांदूळ गोळा होतो, विकला जातो, आणि पैसा चर्चच्या कामाला लागतो. मुठीने कोणतेही घर उपाशी पडत नाही. आपल्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहांसाठी मुष्टिफंड चालवला, तोही याच जातीचा. गोरगरीब आयाबायांच्या मुठीवर पोरे शिकली.

आता कुणी म्हणेल, आज विहारात चर्चची आरती कशाला? तसे नाही. दुष्काळात भाकरी देताना सोबत धर्मही पुढे केला, हा आरोप मिशनऱ्यांवर झाला आणि तो सगळाच खोटा नव्हता. बाबासाहेबांनीही ख्रिस्ती समाजाची कठोर चिकित्सा केली. चर्चमध्ये जाऊनही जात सुटली नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. भुकेल्या माणसाला अट घालून दिलेले अन्न हे दान नव्हे, तो सौदा आहे. पण म्हणून सेवेची वाट काही कुणा एका धर्माची होत नाही. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला अनाथ मुलांसाठी बालाश्रम काढला. १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. तिथे कोणता सौदा होता?

आणि आपल्या घरात काय आहे ते तर बघा. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजच खर्चायचे. हिशोब करा, वर्षाचे २४० होतात. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीचा हा कायम निधी आहे! त्याच लेण्यात पुढच्या काळातल्या विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेचा लेख आहे. तिने कुंभार, तेली अशा कारागिरांच्या श्रेणींकडे पैसा ठेवला. कशासाठी? आजारी भिक्खूंच्या औषधासाठी. म्हणजे गोळ्या संपल्यात का, हे विचारणारी बाई आपल्या परंपरेत आधीच होऊन गेली आहे. आपण तिला विसरलो.

आपल्या सोपाऱ्याचेच घ्या. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा इथून जवळच भुईगावला १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी मिळाला. त्या लेखाचा आशय काय? लोक आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरा मंगलविधी म्हणजे दास-सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांबाबत संयम आणि दान. सम्राटाने हे आपल्या दाराशी कोरून ठेवले, आणि आपण मात्र मंडपाच्या कमानीवर किती फूट फ्लेक्स लावायचा यावर दोन-दोन बैठका घेतो.

बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात सांगितले की प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्माच्या कार्यासाठी द्यावा. ख्रिस्ती लोकांत दशमांशाची शिकवण आहे, दहातला एक. बाबासाहेबांना आपली गरिबी माहीत होती, त्यांनी त्याच्या निम्मेच मागितले. दहा हजार कमावणाऱ्याचे पाचशे. आता छातीवर हात ठेवून सांगा, आपल्यापैकी किती जण देतो? हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारला. आम्ही जयंतीला वर्गणी देतो, वर्षावासात भोजनदान देतो, पण दरमहा हिशोबाने कधी दिले नाही. तेव्हा हे बोल तुम्हाला लावण्याआधी आम्हाला लागू आहेत.

म्हणून या वर्धापनदिनी काही गोष्टी सुचवतो. एक, विसावा हिस्सा जमत नसेल तर निदान महिन्याला शंभर रुपये. पन्नास घरांनी दिले तरी वर्षाला साठ हजार होतात. पैसे बंद पेटीत टाकावेत, नावाची पाटी नको. दोन, गल्लीवार एक वही. कोण एकटे आहे, कोण अंथरुणाला खिळले आहे, कुणाच्या पोराची फी अडली आहे. तीन, दर पौर्णिमेला वंदना झाली की दोघा-दोघांनी दोन घरी जाऊन यायचे. रिकाम्या हाताने गेले तरी चालेल, पण बसून बोलायचे. चार, देताना फोटो काढायचा नाही. पाच, जमा-खर्च विहाराच्या फळ्यावर लिहायचा, घेणाऱ्याचे नाव मात्र लिहायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, वहीत जात-धर्माचा रकाना ठेवायचा नाही. चर्चच्या माणसांनी आजींना धर्म विचारला नाही. उद्या आपल्या गल्लीत एखादे ख्रिस्ती किंवा मुसलमान घर अडचणीत आले तर आपणही विचारू नये.

अतिसाराने लोळत पडलेल्या एका भिक्खूला कुणी पाहत नव्हते, तेव्हा तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगून त्याच्यासह त्या भिक्खूला धुतले, खाटेवर निजवले, ही विनयपिटकातली कथा आपल्या पोराबाळांना पाठ आहे. त्यात भगवंतांनी भिक्खूंना नंतर जे विचारले ते लक्षात ठेवा: याला आजार काय, आणि याच्याकडे कुणी का येत नाही?

त्या आजी आता आपल्यात नाहीत. अखेरच्या दिवसांत आपली मुले आळीपाळीने त्यांच्याकडे जात होती, एवढे समाधान आहे. पण त्यांच्या गल्लीत, त्याच्या पुढच्या गल्लीत आणखी कुणी असेल. पुढच्या वर्धापनदिनी विहाराला रंग नसला तरी चालेल. ती वही मात्र भरलेली असावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आम्ही आमचे बोलणे संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!