चाल कुठे अडते?

हौशी माणूस नवी चाल बांधून मंडळात म्हणून दाखवतो, तेव्हा त्याच्या पदरी बहुधा ‘वा वा’ पडते, नाही तर हशा. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. माग बंद पडला तर ‘बिघडला’ म्हणून भागत नाही. कुठे अडतो ते दाखवावे लागते. चालीचेही तसेच आहे.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अशा समूहगीताची पहिली कसोटी सोपी: ध्रुवपद झीलकऱ्यांना उचलता येते का?

तेव्हा सांगणाऱ्याने आधी काय राखावे ते सांगावे, मग नेमकी जागा दाखवावी. ‘अंतरा तार पंचमाला जातो, तिथे झीलकऱ्यांचे गळे फाटतात, पट्टी खाली घ्या.’ ‘श्वास भलत्या जागी येतो, म्हणून कामगाराचे ‘काम’ आणि ‘गार’ असे दोन तुकडे पडतात.’ असे बोलणे उपयोगी पडते.

चाल बांधणाऱ्यानेही लगेच वकिली करू नये. एकालाच खटकले तर आपल्या कानाला पुन्हा विचारावे. चौघे एकाच जागी अडखळले तर ती जागा बदलावी. त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा असेल, पण त्यांचे अडखळणे खरे असते.

हशाने खचलेला तरुण पुन्हा पेटीजवळ येत नाही. खोट्या वाहवाने फुगलेला भर सभेत उघडा पडतो. दोन्हीकडे गळा आपलाच जातो.