गोठलेलं तेल



‘मशीन जाम झालंय, आता काही कामाचं नाही,’ असं सांगत लोक माळ्यावरचं जुनं शिलाई मशीन घेऊन माझ्याकडे येतात. मी चाकाला हात लावतो. चाक हलत नाही, हे खरं. पण पुष्कळदा त्या मशिनचा एकही भाग मोडलेला नसतो. कधीकाळी कुणीतरी त्यात स्वयंपाकघरातलं गोडंतेल घातलेलं असतं. मग मशीन झाकून ठेवलं जातं आणि वर्षं जातात. खाण्याचं तेल हवेत राहिलं की चिकट होतं, मग वाळतं. लोखंड शाबूत असतं, गोठलेलं असतं ते तेल. तरीही ते मशीन वजनावर भंगारात जातं. ते तसं जाऊ नये, हीच आज माझी मागणी आहे. तिच्यामागची कारणं सांगायला मी उभा आहे.

आधी टाक्याविषयी बोलू, कारण सगळी करामत तिथे आहे. हाताच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशिनच्या सुईचं अणीपाशी. दोरा घेऊन सुई कापडाखाली जाते आणि वर यायला लागली की सुईच्या मागे दोऱ्याचा इवलासा फास उरतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचं टोक त्या फासात शिरतं आणि तो बॉबिनभोवती, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या चकरीभोवती, फिरवून आणतं. वरची दांडी दोरा ओढून घेते आणि दोन्ही दोरे कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतात. हा टाका पहिल्यापासून नव्हता. फ्रान्समधल्या बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३० साली पेटंट घेतलेलं यंत्र एकाच दोऱ्याचा साखळी टाका घालत असे. त्या टाक्याचं टोक सुटलं की शिवण भराभर उसवते. पॅरिसमध्ये तो लष्कराचे गणवेश शिवत होता. पोटावर पाय येईल या भीतीने शिंप्यांनी त्याचा कारखाना फोडला आणि पुढे तो गरिबीतच वारला. दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट १८४६ साली अमेरिकेत एलियस हॉवने घेतलं. आयझॅक सिंगरने १८५१ साली स्वतःच्या सुधारणांचं पेटंट घेतलं. हॉवने त्याला कोर्टात खेचलं आणि दावा जिंकला. नाव मात्र घरोघरी सिंगरचंच झालं.

ते का झालं, याचं मोठं श्रेय सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याला द्यावं लागेल. १८५६ साली त्याने मशीन हप्त्याने विकायला सुरुवात केली. एवढी महाग वस्तू थोडे पैसे भरून घरी न्यायची आणि तिच्याच कमाईतून तिची किंमत फेडायची, ही सोय साध्या शिंप्याला परवडणारी होती. आपल्याकडे मुंबईचे पारशी गृहस्थ नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी कित्येक दशकं हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन इथला सिंगरचा कारभार सांभाळला. हप्त्यांची पद्धत इथेही आली आणि मशीन शिंप्याच्या ओट्यावर पोचलं. तिथून ते घरांत शिरलं. पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू झालं. रमाबाई रानडे यांच्या त्या संस्थेत बायकांना शिवणकाम शिकवलं जाई. नवरा गेलेल्या, पदरी मुलं असलेल्या किती बायकांनी एका मशिनवर संसार रेटला, हे या सभेत मी सांगायला नको. तुमच्यापैकी अनेकांच्या आज्या त्यांतल्याच असतील.

गांधीजींचीही इथे आठवण काढली पाहिजे. १९२४ साली दिल्लीत रामचंद्रन नावाच्या तरुणाने त्यांना विचारलं, की तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? ‘यंग इंडिया’त छापून आलेल्या त्या संवादात गांधीजींनी शिवणयंत्राला अपवाद मानलं. बायकोचे कष्ट सिंगरला पाहवेनात म्हणून प्रेमापोटी त्याने ते केलं, असं ते म्हणाले. सिंगरचं चरित्र पाहिलं तर ही कथा टिकत नाही. तो पैशासाठी या धंद्यात उतरला होता. पण गांधीजींचा निवाडा मला पूर्ण पटतो. हे यंत्र एका माणसाच्या ताब्यात राहतं, त्याच्या पायाच्या गतीने चालतं आणि थांबवलं की थांबतं.

आता हातात आलेलं मशीन ओळखायचं कसं? मशिनच्या पाट्यावर उजवीकडे एक क्रमांक कोरलेला असतो. सिंगरच्या १९०० सालापासूनच्या क्रमांकांआधी इंग्रजी अक्षर असतं आणि त्या अक्षरावरून कारखाना कळतो. ‘वाय’ असेल तर मशीन स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचं. हा कारखाना १८८५ साली सुरू झाला. त्याच्या मनोऱ्यावर चारही बाजूंनी प्रचंड घड्याळ होतं. १९११ साली तिथे हजारो कामगारांनी संप केला, त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. मार्च १९४१ मध्ये जर्मन विमानांनी क्लाइडबँकवर बाँब टाकले, तेव्हा कारखान्याची लाकडाची वखार जळाली. १९८० साली कारखाना बंद पडला आणि इमारती पाडल्या गेल्या. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव मात्र आजही ‘सिंगर’च आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गोणपाटावर मांडलेलं मशीन उचलून त्याचा क्रमांक वाचताना हा सगळा पट माझ्यासमोर उभा राहतो. छंद लागतो तो असा.

नव्याने छंद सुरू करणाऱ्याने मॉडेल पाहून घ्यावं. २७ आणि २८ क्रमांकाच्या मशिनमध्ये बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं लांबट शटल पुढे-मागे झुलतं. त्यांतल्या काहींवरची स्फिंक्सची सोनेरी चित्रं फार देखणी असतात, पण शटल हरवलेलं असेल तर ते मिळवायला वणवण करावी लागते. १५ क्रमांकाचं मशीन त्यामानाने सोपं. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची ‘उषा’ असो की लुधियानाची मशिनं, घरोघरच्या आपल्या काळ्या मशिनची घडण या १५ क्रमांकाच्याच वळणाची आहे. त्यामुळे त्याची बॉबिन, बॉबिन केस आणि सुई आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. शंभरी गाठलेल्या यंत्राला आज विकत घेतलेली सुई चालते, ही किती मोठी गोष्ट आहे!

दुरुस्तीला घाई चालत नाही. तोंडाकडची पत्र्याची झाकणी काढा, मशीन मागे कलतं करा आणि जिथे जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथे रॉकेलचा थेंब सोडा. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी चाक हळूहळू मागेपुढे हलवा. केसभर हललं तरी समजा काम झालं. पुन्हा रॉकेल, पुन्हा वाट पाहायची. तपकिरी ओघळ बाहेर यायला लागतात, ते चिंधीने टिपायचे. चाक मोकळं झालं की मग शिलाई मशिनचं पातळ तेल घालायचं, कारण नुसत्या रॉकेलवर यंत्र चालवलं तर ते कोरडं पडून झिजतं. सुईखालची पट्टी उघडली की कापडाच्या तुसाचा दाबून बसलेला थर निघतो. टाका सुटण्याची, कापड पुढे न सरकण्याची निम्मी कारणं तिथेच असतात. उरलेली कारणं दोन. दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, किंवा सुईची चपटी बाजू चुकीच्या दिशेला असते.

एक बारकावा सांगतो, कारण त्यापायी चांगली मशिनं टाकून दिलेली मी पाहिली आहेत. बॉबिन भरताना चाकाच्या मधली जी चकती आपण सैल करतो, तिच्यामागे एक वॉशर असतं, त्याला आत दोन आणि बाहेर तीन शिंगं. साफसफाईनंतर ते उलटं बसलं तर चकती कितीही आवळा, चाक नुसतंच फिरतं आणि सुई जागची हलत नाही. वॉशर काढून अर्धा फेरा फिरवून बसवा, मशीन चालू होतं.

रंगाच्या बाबतीत मी आग्रही आहे. तो काळा लेप डांबरी रोगणाचा, भट्टीत भाजलेला. त्यावर सोनेरी वेलबुट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर लाखेचं पातळ पॉलिश. फर्निचरचा पॉलिशवाला चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे आठवा. मशिनवर स्पिरिट किंवा थिनर लावला की आधी लाख जाते, मग सोनं पांढरं पडतं आणि एका दुपारीत शंभर वर्षांचं काम पुसलं जातं. मशिनचंच तेल, मऊ कापूस आणि हलका हात, यापलीकडे काही वापरू नका. नवा रंग तर मुळीच देऊ नका. पाट्याच्या पुढच्या कडेला वेलबुट्टी झिजलेली दिसते, ती कापड सरकवणाऱ्या हातांनी झिजवलेली आहे. खंडेनवमीला, दसऱ्याला लावलेलं हळदकुंकू खाचांत बसलेलं सापडतं. ते मी कधीच काढत नाही. मळ आणि खूण यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने दुरुस्तीला हात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एका गोष्टीचं मला मनापासून दुःख होतं. बिडाचं नक्षीदार स्टँड हल्ली हॉटेलांत आणि दिवाणखान्यांत टेबलाखाली लावायची टूम निघाली आहे. स्टँडला गिऱ्हाईक मिळतं, वरचं मशीन भंगारात जातं. ज्याच्यासाठी स्टँड ओतलं गेलं तेच फेकून द्यायचं, ही जपणूक नव्हे. दोन्ही एकत्र ठेवता येत नसतील तर ज्याला शिवायचं आहे त्याला द्या.

म्हणून घरी गेल्यावर मशीन माळ्यावरून खाली काढा. क्रमांक उतरवून घ्या. ते कुणी घेतलं, त्यावर कोण शिवत होतं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून त्याच कागदावर लिहा आणि कागद मशिनच्या खणात ठेवा. चामड्याचा पट्टा तुटला असेल तर नवा स्वस्तात मिळतो. बसवलेल्या मोटरची वायर जुनी असेल तर आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. शिवताना चाक नेहमी स्वतःच्या दिशेने फिरवा. आणि तुमच्याकडे खरोखरच जागा नसेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जवळच्या शिवणवर्गात जाऊन चौकशी करा. तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलीकडे घरी सरावाला मशीन नसेल. तेल घातलेलं, चालतं मशीन तिला द्या.