गळके छप्पर, ओली भिंत आणि भाडेकरार

पावसाळ्याच्या तोंडावर कौले शाकारून घ्यावयाची, हा कोल्हापूरच्या पेठांतील जुना परिपाठ. मालक आणि भाडेकरू एकाच वाड्यात नांदत तेव्हा गळती दोघांच्याही डोक्यावर पडे. दुरुस्तीसाठी कायदा शोधावा लागत नसे. आता मालक एका टोकाला आणि भाडेकरू दुसऱ्या टोकाच्या सिमेंटच्या सदनिकेत. गच्चीतून पाणी मुरते, भिंतीला ओल येते, कोपऱ्यात काळी बुरशी धरते, आणि खर्च कोणी करावयाचा या वादात दोन पावसाळे निघून जातात. अशा ओलीचा त्रास सर्वांत आधी लहान मुलांना होतो. दमट व बुरशीच्या घरात श्वसनविकार व दमा बळावतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ साली मार्गदर्शिका काढून सांगितले आहे.

पाणी कोठून येते, हा या वादातील पहिला प्रश्न. गच्चीला भेग पडली, भिंतीतील नळ गंजला, जोत्यातून ओल वर चढली, तर तो इमारतीचा दोष होय. मोरी भाडेकरूने तुंबू दिली किंवा खिडक्या लावून खोलीतच कपडे वाळत घातले, तर दोष राहणाऱ्याचा. पावसाळ्यात पसरून उन्हाळ्यात सुकणारी ओल बहुधा छपराची किंवा बाहेरील भिंतीची असते. बारमाही ओलीसाठी प्रथम नळ व मोरी तपासावी. बुरशीवर नुसता रंग फासल्याने ती झाकते, जात नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ज्या क्षेत्रांना लागू आहे, तेथे कलम १४ अन्वये, विरुद्ध करार नसल्यास, जागा राहण्यायोग्य दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. त्यानंतर वाजवी मुदतीत मालकाने काम न केल्यास भाडेकरूस ते करवून घेऊन खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात ही वजावट त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक होऊ शकत नाही. दरमहा ६,००० रुपये भाडे असेल, तर वर्षाच्या ७२,००० रुपयांपैकी १८,००० रुपयेच. म्हणून खर्चाच्या पावत्या जपाव्यात. रागाच्या भरात सगळेच भाडे थांबविणे हे मात्र मालकाच्या हाती निष्कासनाचे कारण देणे ठरते. मालकानेही सूड म्हणून पाणी किंवा वीज तोडू नये. कलम २९ त्यास मनाई करते.

खरी मेख पुढेच आहे. शहरात आज बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात, आणि कलम १४ चा शब्द ‘भाडेकरू’ असा आहे. अशा करारात राहणाऱ्याची भिस्त लेखी अटींवरच असते. बदली होऊन आलेले शिक्षक व कर्मचारी घाईघाईने छापील नमुन्यावर सही करतात आणि ‘दुरुस्ती राहणाऱ्याने करावी’ ही ओळ वाचत नाहीत. गच्ची, भिंती व बंदिस्त नळ मालकाकडे, तोट्या व दैनंदिन सफाई राहणाऱ्याकडे, एवढी दोन वाक्ये करारात घालून घेता येतात. करार लेखी व नोंदणीकृत असणे कलम ५५ ने बंधनकारक केले असून ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. तसा करार नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

ज्या गावांना हा अधिनियम लागू नाही, तेथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम १०८ पाहावे. भाडेकरूच्या कृतीने किंवा हलगर्जीपणाने झालेला दोष नोटिशीनंतर तीन महिन्यांत त्यानेच दुरुस्त करावयाचा असतो. स्वाभाविक झीज मात्र त्याच्या माथी येत नाही. त्याच कलमात पुराचाही नामोल्लेख आहे. २०१९ व २०२१ साली पंचगंगेचे पाणी सुतारवाड्यासह अनेक वस्त्यांत शिरले होते. विरुद्ध करार नसेल आणि पुराने जागेचा महत्त्वाचा भाग कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेपट्टा संपुष्टात आणावा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार भाडेकरूचा आहे.