सभेची नोटीस

दक्षिण दिल्लीत लक्ष्मीबाई नगर नावाची सरकारी नोकरांची एक वसाहत आहे. झाशीच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या ह्या वसाहतीत जी मराठी कुटुंबे राहतात, ती बहुधा नोकरीच्या निमित्ताने आलेली असतात. घरातील मिळवते माणूस दिवसभर कोणत्या ना कोणत्या मंत्रालयात बसून सभांचेच काम करीत असते. विषयपत्रिका तयार करावी, टिपणे जोडावीत, सभासदांना नोटिसा रवाना कराव्यात आणि सभा आटोपली की इतिवृत्त लिहून काढावे, ह्यात त्याची उमेदीची वर्षे जातात. परंतु ज्या नळाचे पाणी तो पितो, ज्या दिव्याच्या उजेडात त्याची मुले अभ्यास करतात आणि ज्या रस्त्याने ती शाळेस जातात, त्या साऱ्यांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या सभेत त्याच्या मताने गेलेला नगरसेवक नसतो.

ही संस्था म्हणजे नवी दिल्ली नगरपालिका परिषद. संसद मार्गावरील पालिका केंद्रात तिच्या सभा भरतात. १९९४ च्या कायद्याप्रमाणे तिचा अध्यक्ष हा केंद्र सरकारने नेमलेला वरिष्ठ अधिकारी असतो. सभासदांत काही अधिकारी, काही सरकारनियुक्त नागरिक आणि त्या भागाचे आमदार व खासदार असतात. आमदार-खासदार लोकांनीच निवडलेले असतात हे खरे. परंतु ते निवडले जातात विधानसभेसाठी आणि लोकसभेसाठी. गटाराचा आणि दिव्याच्या खांबाचा प्रश्न घेऊन कोणी त्यांना मते मागितलेली नसतात. संसद, राष्ट्रपती भवन, परदेशी वकिलाती हे सारे ह्याच हद्दीत असल्यामुळे अशी निराळी व्यवस्था करण्यात आली. कारभार वाईट आहे, असे कोणी म्हणणार नाही. नवी दिल्लीचे रस्ते पाहून आलेला मनुष्य त्यांची वाखाणणीच करतो. प्रश्न कारभाराच्या गुणांचा नाही. तो कारभार कोणत्या विषयपत्रिकेवर चालतो आणि ती पत्रिका कोण वाचतो, हा प्रश्न आहे.

नेमलेल्या सभासदांच्या सभेत काहीच घडत नाही, असेही नव्हे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ ह्या काळात पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन ह्यांची स्वारी पुण्यास यावयाची होती, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा विषय पालिकेपुढे आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणासाठी खर्च व्हावा, असे म्हणून जोतीरावांनी त्यास विरोध केला. ठराव मंजूर झाला. विरुद्ध पडलेले मत त्यांचे एकट्याचेच होते. हजार रुपये वाचले नाहीत. तथापि ज्याची नेमणूक सरकारने केली, तोही शहराच्या तिजोरीचा हिशेब मागू शकतो, हे पुण्याने पाहिले. पुढे १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपन ह्यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्यासंबंधीचा आपला सुप्रसिद्ध ठराव प्रसृत केला आणि निवडून आलेल्या सभासदांची वाट हळूहळू मोकळी होत गेली.

परंतु निवडणूक आली म्हणजे सर्व साधले, असेही समजण्याचे कारण नाही. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे हल्लीच्या रायगड जिल्ह्यातील, महाड हे लहानसे शहर. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव इतिवृत्तात गेला आणि तेथेच राहिला. तळ्यावर पूर्वी जे पाणी भरीत होते तेच भरीत राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्या कागदाला प्रथम अर्थ आला. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, त्याच नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. बोले ह्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. तळ्याचा वाद न्यायालयात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे सत्याग्रहानंतर दहा वर्षांनी. हा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

लहान शहराच्या नगरपालिकेच्या सभेत काय घडू शकते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. एका सभेने न्याय दिला, तो तीन वर्षे कपाटात पडून राहिला आणि दुसऱ्या एका सभेने तो परतही घेतला. ह्यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. ठराव होण्यापूर्वी त्यावर लोकांची नजर हवी, आणि ठराव झाल्यावर तर ती अधिकच हवी.

ही नजर ठेवण्याची सोय कायद्यात आहे. महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमाने चालतो. दर दोन महिन्यांतून एकदा सर्वसाधारण सभा झालीच पाहिजे, असे तो सांगतो. सर्वसाधारण सभेची नोटीस पूर्ण सात दिवस आधी आणि विशेष सभेची पूर्ण तीन दिवस आधी द्यावयाची असते. ती नगरसेवकांच्या घरी जातेच, शिवाय नगरपरिषदेच्या कचेरीतही लावावी लागते. सभेची जागा, वेळ आणि चालवावयाचे कामकाज तिच्यात नमूद असते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, हा पहिला विषय. मग पाणीपुरवठ्याची निविदा, बाजारातील गाळ्यांची मुदत, शाळेची दुरुस्ती, एखाद्या आरक्षित जागेचा बदललेला उपयोग असे विषय ओळीने येतात आणि बहुधा शेवटी एक ओळ असते: अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.

अनुभवी माणूस नोटीस हाती पडताच प्रथम ही शेवटची ओळ पाहतो. ज्या विषयाची चर्चा गावात होऊ नये असे कोणास वाटते, तो विषय आयत्या वेळीच यावयाचा. स्थायी समिती आणि बांधकाम, आरोग्य, पाणीपुरवठा, शिक्षण, महिला व बालकल्याण अशा विषय समित्यांच्या बैठकींकडे तर गावाचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक पुष्कळशा प्रश्नांचा निकाल समितीच्या लहानशा खोलीत लागलेला असतो आणि सभागृहात उरते ती केवळ सूचकाची व अनुमोदकाची नावे लिहिण्याची औपचारिकता. अंदाजपत्रकासाठी विशेष सभा बोलावण्याचा प्रघात आहे. म्हणजे वर्षभराच्या पैशाचा विचार करण्यास गावाला मिळतात अवघे तीन दिवस.

आणि आज ह्या गोष्टी बोलण्यास विशेष कारण आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य नगरपरिषदांच्या मुदती २०२२ च्या सुमारास संपल्या. आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका रखडल्या आणि शहरांचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नगरपरिषदा व नगरपंचायती मिळून पावणेतीनशेहून अधिक शहरांत मतदान झाले. मधल्या वर्षांत दिवे लागत होते, कचरा उचलला जात होता आणि बिलेही निघत होती. प्रशासक सभा घेत नसे. तो आपल्या सहीने ठराव करीत असे. सभाच नाही, म्हणून नोटीस नाही, आणि नोटीस नाही, म्हणून कचेरीतील फलक वाचण्यासाठी कोणी थांबत नसे. त्या काळात एक गोष्ट मोडली, ती म्हणजे लोकांची ती थांबण्याची सवय.

निवडणुकीने नगरसेवक परत येतात. सवय आपोआप परत येत नाही. ती लावून घ्यावी लागते, आणि त्यास मोठे साहस लागत नाही. पेठेतील दोन-चार माणसांनी येत्या सभेची नोटीस उतरवून घ्यावी, आपल्या भागातील विषय कोणत्या क्रमांकावर आहे ते पाहावे, सभेच्या आधी नगरसेवकास गाठून त्याचे मत विचारावे आणि सभेनंतर महिन्याभराने त्या ठरावाचे काय झाले, ह्याची चौकशी करावी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ह्यास बळ दिले आहे. आपल्या समित्यांच्या बैठकी लोकांना खुल्या आहेत किंवा नाहीत आणि त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहावयास मिळतात किंवा नाहीत, हे प्रत्येक सार्वजनिक संस्थेने आपण होऊन जाहीर करावे, असे त्याच्या चौथ्या कलमात सांगितले आहे. हा कायदा महाडास लागू आहे, तसाच पालिका केंद्रासही लागू आहे.

लक्ष्मीबाई नगरातील मराठी नोकरदारास नगरसेवक निवडता येत नाही. परंतु विषयपत्रिका कशी वाचावी, टिपणात काय सांगितले आहे आणि काय वगळले आहे, हे त्याच्याइतके चांगले कोणास कळणार? आपल्या वसाहतीचा विषय परिषदेपुढे केव्हा येतो, हे तो पाहू शकतो आणि त्याविषयी लेखी विचारूही शकतो. पुढे निवृत्त होऊन तो आपल्या गावी जाईल, तेव्हा बाजारात जाता-येता नगरपरिषदेच्या कचेरीवरून त्याची वाट जाईल. तेथील फलकावर येत्या सभेची नोटीस लागलेली असेल. आयुष्यभर इतरांच्या सभांच्या नोटिसा लिहिलेल्या त्या माणसाने तेथे पाच मिनिटे थांबून ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, तर त्याच्या गावाला त्याच्या नोकरीचा तेवढा तरी उपयोग होईल.