पडद्यावरचा जवान आणि घरचा जवान

(चाळीसगाव येथे झालेल्या व्याख्यानाचा मुख्य भाग)



अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने युद्धकथा आणि युद्धपट यांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. माझे समर्थन एवढेच की, सैनिक हा प्रथम कोणाच्या तरी घरचा मिळवता मुलगा असतो, आणि पुस्तके व पडदा यांना नेमका याचाच विसर पडतो.

चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ १९६४ साली आला. मी तो पुढे बऱ्याच वर्षांनी, फिरत्या टॉकीजच्या तंबूत जमिनीवर बसून पाहिला. १९६२ च्या पराभवाला अवघी दोन वर्षे लोटली असताना या दिग्दर्शकाने माघार घेणाऱ्या, थंडीने गारठलेल्या जवानांची कथा सांगितली. १९९७ च्या ‘बॉर्डर’मध्ये लोंगेवालाचा विजय आहे, तथापि घरच्या पत्राची ओढही आहे. २०१९ च्या ‘उरी’मध्ये आजारी आई आहे खरी; पण प्रेक्षक बाहेर पडला तो घोषणा घेऊन. रेमार्कच्या कादंबरीत सैनिक घाबरतो, उपाशी राहतो, म्हणून नाझींनी १९३३ साली ती जाळली. आपण पुस्तके जाळत नाही. भित्रा सैनिक लिहीतच नाही.

आता आपल्याकडचे पाहा. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात इराकमधील कुत येथे वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. घोड्याचे मांस खायचे की उपाशी मरायचे, हा प्रश्न तिथे शिपायांपुढे होता. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले. असंख्य माणसे वाटेतच गेली. शिशिर सर्वाधिकारी या बंगाली तरुणाने त्या कैदेची टिपणे जपली आणि १९५७ साली त्यांचे पुस्तक झाले. आमच्या शिपायाने लिहिलेले असे मराठी पुस्तक माझ्या वाचनात आलेले नाही. त्याला लिहिता येत नव्हते, हे एक कारण. त्याला कोणी विचारले नाही, हे दुसरे. साताऱ्याच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचे स्मारक आहे. दगडावर आकडा राहिला, माणसे राहिली नाहीत.

शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये होता. मुल्कराज आनंदांच्या ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’चा नायक लालू फ्रान्सच्या खंदकात उभा असतो तो सम्राटासाठी नव्हे, घराची गेलेली जमीन परत मिळावी, ही त्याची आशा असते. भरतीचे अर्थशास्त्र इतके स्वच्छ मांडणारी कथा मला दुसरी ठाऊक नाही.

माझा एक विद्यार्थी, गिरणाकाठच्या कापूस पिकवणाऱ्या घरातला, हवालदार होऊन निवृत्त झाला. १९९९ साली तो बर्फातल्या चौकीवर होता. मी त्याला, खरे म्हणजे थोड्या बावळटपणानेच, विचारले, ‘गोळ्या सुटत असताना मनात काय येते रे?’ तो म्हणाला, ‘सर, गोळ्या थोडा वेळ. बाकी नुसते थांबणे. बुखारीजवळ बसून मी हिशेब करायचो, पेरणीआधी मनिऑर्डर पोचली असेल का, सोसायटीचा हप्ता बाबांनी भरला असेल का.’ हा हिशेब कोणत्या चित्रपटात आहे?

२०२२ पासून अग्निपथ योजनेत चार वर्षांची भरती होते. त्यांतील फार तर पंचवीस टक्के पुढे घेतले जातात. बाकीच्यांना एकरकमी निधी मिळतो, निवृत्तिवेतन नाही. पहाटे रस्त्यावर धावणारी आपली मुले हे जाणतात. विशी-पंचविशीत परतलेल्या त्या मुलाची कथा कोणी लिहील की नाही, याची मला काळजी वाटते. किंबहुना गणवेश उतरला की कॅमेरा बंद होतो, ही माझी मुख्य तक्रार आहे.

एक विनंती करतो. आपल्यापैकी कोणाच्या घरी पेटीच्या तळाशी आजोबांची वा काकांची फौजेतली पत्रे असतील, मनिऑर्डरच्या पावत्या असतील, तर त्या रद्दीत घालू नका. वाचनालयात आणून द्या. उतरवून घेण्याचे काम मी करीन. मला आता वेळच वेळ आहे.